मित्राची मेंढी

सोलापूर
१२ ऑगस्ट २०२४

मामा,

हॉस्टेलवरून तुमच्या भाच्याचा नमस्कार. पत्र लिहितोय म्हणून हसू नका. फोन केला की मामी उचलते, नाहीतर दवाखान्यात बसलेला एखादा शेतकरी उचलतो. आणि तुमचं व्हॉट्सॲप तर निम्मी दुधनी गुरांचे फोटो बघायला उघडते. म्हणून हे पाकीट दुधनी गाडीच्या बसवराज ड्रायव्हरच्या हाती देतोय. उत्तरही त्यांच्याच हाती द्या.

आयटीआयचं दुसरं वर्ष बरं चाललंय. मोटार वाइंडिंगमध्ये माझा हात बसलाय असं सर म्हणतात.

एक विचारायचं होतं. माझ्या एका मित्राच्या घरी मेंढ्या आहेत. त्यांना इतक्यात कोकरं नको आहेत. तर मेंढी कोणत्या दिवसांत गाभण जात नाही हे ओळखता येतं का? तो म्हणतो, महिन्यातले काही दिवस बिनधोक असतात. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला नक्की माहीत असेल. पत्र कुणाला दाखवू नका. मित्राला लाज वाटते.

तुमचा
ज्ञानू


दुधनी
१९ ऑगस्ट २०२४

ज्ञानोबा,

तुझं पाकीट बसवराजनं स्टँडवर चार माणसांत "डॉक्टर, घ्या तुमचं प्रेमपत्र" म्हणून हातात ठेवलं. आता आठवडाभर माझी चेष्टा चालेल. आणि मी डॉक्टर कुठला रे, पदविका झालेला पशुधन पर्यवेक्षक. पण गुरांच्या दवाखान्यात जो पांढरा शर्ट घालून बसतो तो इथं डॉक्टरच. तूही म्हण, मला आवडतं.

मंगळवेढ्याच्या माळावर मेंढरांमागं वाढलेल्या पोरानं मला हा प्रश्न विचारावा? दाजींना कळलं तर काठी घेऊन सोलापूरला येतील.

मेंढी माजावर असली तरच मेंढ्याला जवळ येऊ देते, आणि तरच गाभण जाते. माज एक-दोन दिवसांचा. बाकीच्या दिवसांत मेंढा शेजारी उभा राहिला तरी काही होत नाही. मित्राला म्हणावं, निश्चिंत झोप. आणि कोकरं नकोच असतील तर तुझे आजोबा करायचे तसं करायचं. मेंढ्याच्या पोटाखाली जाड फडकं बांधायचं. मेंढा उड्या मारतो, पण पुढं काही होत नाही. सोपं काम, कुणाचं नुकसान नाही. हे फडक्याचं नीट लक्षात ठेव.

बाकी तू आता एकोणीस वर्षांचा झालास. अक्का आणि दाजी उन्हातान्हात मेंढरं राखून तुला शिकवतात. आपल्या घराला खाली मान घालावी लागेल असं काही होऊ देऊ नको. मामी विचारते, कडक भाकरी पाठवू का. बसवराजला सांगून ठेव.

तुझा
धुळाप्पामामा


सोलापूर
४ नोव्हेंबर २०२४

मामा,

दिवाळीला गावी गेलो नाही. प्रॅक्टिकल होतं असं आईला सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा.

मागं मित्राच्या मेंढीचं विचारलं होतं. माज नसतानाही मेंढी कधी गाभण जाते का? आणि गेली तर नक्की कशावरून समजतं? त्या मेंढीचं काहीतरी बिनसलंय. खाणं कमी झालंय. सकाळी उठलं की ओकारी येते.

लवकर कळवा. बसवराज परत निघतील तेव्हा मी स्टँडवर उभा असेन.

ज्ञानू


दुधनी
९ नोव्हेंबर २०२४

ज्ञानू,

मेंढी सकाळी उठून ओकत नसते. रवंथ करणारं जनावर आहे ते. तुझ्या मित्रानं काहीतरी चुकीचं पाहिलं असेल, किंवा मेंढीनं विषारी पाला खाल्ला असेल. जवळच्या दवाखान्यात न्यायला सांग. इथून पत्रातून मी काय सांगणार?

लसीकरणाचं काम चालू आहे, रोज दोन-दोन गावं. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळं.

आणि हे बघ, दुसऱ्याच्या भानगडीत तू पडू नको. मित्र बदल.

मामा


सोलापूर
१६ नोव्हेंबर २०२४

मामा,

मित्र नाही. मेंढीही नाही. आणि हे तुम्हाला माहीत होतं.

तुमचं पहिलं पत्र मी काल पुन्हा वाचलं. मेंढीच्या माजाबद्दल एवढं लिहून खाली तुम्ही लिहिलंत की घराला खाली मान घालावी लागेल असं काही करू नको. मेंढीबद्दल विचारणाऱ्या मुलाला असं कोण लिहितं? दुसऱ्या पत्रात तर ओकारी वाचून तुम्ही मेंढीला विषारी पाला खायला घातलात. तुम्ही इतकी वर्षं जनावरं तपासताय मामा. तुम्हाला ओकारीचा अर्थ कळला नाही?

तिचं नाव ऋतुजा. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, माझ्याच वयाची. होटगी रोडला आत्याकडं राहते. आमची वर्षभराची ओळख आहे. घरी चाचणीची पट्टी आणून बघितली, दोन रेघा आल्या. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, नुसती बघत बसते. मला तिच्याकडं बघवत नाही.

हॉस्टेलवर कुणाला सांगू? सगळे मोठमोठ्या गप्पा मारतात, पण ज्याला विचारावं त्यालाही काही माहीत नाही. जे माहीत आहे ते मोबाइलवर बघितलेलं. आमच्या बापाला सांगितलं तर काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. मला फक्त तुम्ही होता. मी लाज गिळून तुम्हाला विचारलं, तेही मेंढीच्या आडून, आणि तुम्ही मेंढीचंच उत्तर दिलंत.

यायचं असेल तर या. नसेल तर मेंढ्यांबद्दल मात्र काही लिहू नका.

ज्ञानू


दुधनी
१७ नोव्हेंबर २०२४

ज्ञानू,

उद्या सकाळच्या गाडीनं मी आणि मामी येतोय. त्याआधी हे पत्र बसवराजच्या हाती आजच पाठवतोय, कारण तू समोर आलास की माझं तोंड उघडणार नाही. मी स्वतःला ओळखतो.

होय, कळलं होतं. पहिल्याच पत्रात कळलं होतं. "महिन्यातले काही दिवस" वाचलं आणि समजलो. मेंढीला कसला महिना? पत्र खिशात घालून दवाखान्याच्या मागं जाऊन उभा राहिलो. मग आत येऊन तुला मेंढीचं उत्तर लिहिलं, आणि फडक्याचं दोनदा लिहिलं. वाटलं, पोरगं हुशार आहे, फडक्याचा अर्थ लावील. आपलं सांगूनही झालं आणि सांगावंही लागलं नाही. त्या दिवशी मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं होतं रे. तुझं दुसरं पत्र आलं, आणि घाबरलेला माणूस करतो तसं मी तुझ्यावरच खेकसलो.

तुझं कालचं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती पीठ मळत होती. हात तसेच ठेवून म्हणाली, "आवं, भर चौकात गाईला खांद्यापत्तुर हात घालताना तुमाला लाज वाटत न्हाय, आन् बहिणीच्या पोराला चार शब्द सांगताना तोंडाला कुलूप लागतंय व्हय?" ती पुढं म्हणाली, "त्या पोरीची आई हितं असती तर तुमच्या तोंडात शेण घातलं असतं की." तेही खरं आहे.

आता मी ऑगस्टमध्ये लिहायला हवं होतं ते लिहितो. माणसात माज नसतो. कोणते दिवस बिनधोक हे अंदाजानं ठरवता येत नाही, त्यावर भिस्त ठेवणारे फसतात. शरीरसंबंध आला की दिवस जाऊ शकतात, पहिल्या वेळीही. ते नको असेल तर कंडोम वापरायचा, दर वेळी, सुरुवातीपासून. मेडिकलमध्ये मिळतो, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, मागायला वय लागत नाही की ओळख लागत नाही. त्यानं रोगही टळतात. तो फाटला किंवा चूक झाली तर लगेच, दोन-तीन दिवसांच्या आत, मुलीनं घ्यायची गोळी असते. आणि या सगळ्याआधी तिला विचारायचं. ती नको म्हणाली, किंवा काहीच म्हणाली नाही, तर घरी जायचं. बघ, एका परिच्छेदात बसलं. एवढ्यासाठी मी तुला तीन महिने मेंढरांमागं फिरवलं.

आता पुढचं. मेडिकलमधून परस्पर कसल्याही गोळ्या आणून तिला देऊ नको, जिवावर बेतेल. आपण तिला सरकारी रुग्णालयात स्त्रियांच्या डॉक्टरकडं नेऊ. काय करायचं ते ती ठरवेल. ती सज्ञान आहे, तिची एकटीची सही पुरते. तिच्या आईबापाची लागत नाही, तुझी लागत नाही, माझी तर नाहीच नाही. ती जे म्हणेल त्याला तू हो म्हणायचं. लग्न करू म्हणून तिच्यावर उपकार दाखवू नको आणि पळूनही जाऊ नको. बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचं.

तिला सांग, माझी मामी येतेय. मी येतोय हे सांगितलं नाहीस तरी चालेल.

मामा


दुधनी
१० फेब्रुवारी २०२५

ज्ञानू,

तुझं परीक्षेचं पत्र मिळालं. ऋतुजा कॉलेजला जायला लागली हे वाचून मामी देवापुढं जाऊन आली. त्या वेळी गर्भपात झाल्यावर आत्याला मैत्रिणीच्या लग्नाचं सांगून ती आपल्याकडं दोन दिवस राहिली, तेव्हा माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मामीशी मात्र स्वयंपाकघरात बोलत होती. मी बाहेर ओट्यावर बसायचो. घर माझंच, पण आत जायचा धीर होत नव्हता.

आता एक चांगली बातमी. मी शाळेत बोललो.

इथल्या हायस्कूलमध्ये मला दर वर्षी जनावरांच्या आरोग्यावर बोलायला बोलावतात. यंदा मी मुख्याध्यापक शिवपुत्र सरांना म्हटलं, दहावीच्या मुलांशी मला वेगळं बोलायचंय, आणि काय बोलायचंय तेही सांगितलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. म्हणाले, "डॉक्टर, शाळा हाय ही. जनावरांचं सांगा की, बेकादष्टु, पायजे तेवढं सांगा, दोन तास सांगा." मी विचारलं, मुलींना दर वर्षी आरोग्यसेविका येऊन सांगते ना? म्हणाले, "व्हय, हॉलमदी." तेव्हा मुलं कुठं असतात? "मैदानावर सोडतो की खेळायला." म्हटलं, सर, आमचा भाचाही असाच मैदानावर होता. मग त्यांनी शनिवारचा शेवटचा तास दिला. पालकांना विचारून, असं म्हणाले. तीन पालकांनी नको म्हटलं, बाकीच्यांनी सही केली.

वर्गात गेलो. पोरं खाली बघून एकमेकांना ढोसत होती. मग मी आपली गोष्ट सांगितली. गाव बदललं, नावं घेतली नाहीत. एक भाचा होता, त्यानं डॉक्टरमामाला मेंढीच्या आडून विचारलं, आणि मामानं मेंढीचंच उत्तर दिलं. फडक्याचं सांगितलं तेव्हा वर्ग असा हसला की शिपाई डोकावून गेला. एकदा हसल्यावर पोरं सैल झाली. पुढचं सगळं मी नीट, शब्द न गाळता सांगितलं. प्रश्न विचारले त्यांनी. शेवटी टाळ्या वाजवल्या.

ज्ञानू, नोव्हेंबरपासून मी आरशात दाढी करताना स्वतःकडं नीट बघितलं नव्हतं. शनिवारी घरी आलो आणि पोटभर जेवलो. शिवपुत्र सर म्हणतात, नववीलाही घ्या. वाटतं, काहीतरी फेडलं.

मामा


सोलापूर
२ मार्च २०२५

धुळाप्पामामा,

मी ऋतुजा. पत्ता मामींकडून घेतला. त्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी मला कशासाठी, का, असं एकदाही विचारलं नाही, नुसता गरम वरणभात वाढला. ते मी विसरणार नाही.

ज्ञानूनं तुमचं शाळेचं पत्र मला वाचायला दिलं. तुम्ही मुलांशी बोललात हे चांगलं केलंत. पण ते पत्र मी पुन्हापुन्हा वाचलं. तुमच्या गोष्टीत भाचा आहे, मामा आहे, मेंढीसुद्धा आहे. मी नाही. मुलं हसली, टाळ्या वाजवल्या, तुम्ही पोटभर जेवलात. म्हणून मी लिहितेय.

तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही. ज्ञानूनं ती तुम्हाला सांगितली नसणार. मी त्याला म्हणाले होते की असंच नको, मेडिकलमधून आण. तो गेला. जुळे सोलापुरातल्या त्या दुकानात मंगळवेढ्याचा कुणीतरी माणूस काउंटरवर होता, त्याच्या वडिलांना ओळखणारा. ज्ञानू डोकेदुखीची गोळी घेऊन परत आला. मग काही दिवसांनी त्यानं मला तुमचं पाकीट दाखवलं. म्हणाला, "डॉक्टरमामांना विचारलंय, त्यांनी लिहून दिलंय, या दिवसांत काही होत नाही." मी पत्र वाचायला मागितलं. तो म्हणाला, मामा-भाच्यातलं आहे, तुला लाज वाटेल.

मला तुम्ही माणसांचे डॉक्टर वाटलात. तुम्ही गुरांचे आहात हे मला नोव्हेंबरमध्ये कळलं, रुग्णालयाच्या पायरीवर, तुम्ही मामींना "मला माणसांचं काय कळतंय" म्हणालात तेव्हा. म्हणून मी तुमच्या घरी तुमच्याशी बोलले नाही.

ज्ञानू वाईट मुलगा नाही. तो रोज बाकड्यावर बसून राहिला, हे मी कुणालाही सांगेन. पण आता आम्ही फक्त ओळखीचे आहोत, आणि ते मी ठरवलंय. त्याला त्या दुकानात लाज वाटली, ती हॉस्टेलवर पोचेपर्यंत संपली असेल. तुमची शाळेत संपली. माझी अजून आहे. आत्या मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो मागते तेव्हा असते, वर्गात कुणी मागं वळून हसलं की असते. मी तर विचारलं होतं मामा. दोनदा विचारलं होतं. तरी लाज माझ्याकडंच का राहिली, हे मला कळत नाही.

ऋतुजा


दुधनी
७ मार्च २०२५

ऋतुजा,

तुझं पत्र मामीनं आधी वाचलं आणि माझ्यापुढं ठेवून शेतात निघून गेली.

माफी मागायला बसलो होतो, दोन कागद फाडले. प्रत्येकात मी किती वाईट माणूस आहे हेच होतं, म्हणजे पुन्हा माझीच गोष्ट. म्हणून ते पाठवत नाही. पाकिटाचं मला खरंच माहीत नव्हतं. ज्ञानूला फोन केला. तो "व्हय मामा" एवढंच म्हणाला. मीही ओरडलो नाही. दाराआडून उत्तर द्यायला मीच त्याला शिकवलं होतं.

शिवपुत्र सरांनी पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी नववीचा वर्ग दिलाय. तुझं पत्र वाचल्यावर मी ती गोष्ट पहिल्यासारखी सांगू शकत नाही. मुलांना सांगायला पाहिजे की मुलगी विचारत होती, मुलगा दुकानातून परत आला आणि त्यानं रिकामा भरवसा दाखवला. पण ती गोष्ट तुझी आहे. मागच्या वेळी मी तुला विचारलं नव्हतं, तेव्हा विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आता विचारतो. तुझं नाव, गाव, कॉलेज, काहीही न घेता तुझं म्हणणं मी मुलांना सांगू का?

नाही म्हणालीस तर सांगणार नाही आणि कारण विचारणार नाही. उत्तर दिलं नाहीस तर ते नाहीच समजेन.

धुळाप्पा


सोलापूर
१२ मार्च २०२५

मामा,

सांगा. मेंढीचं आधी सांगितलंत तरी चालेल, त्यावर हसू देत.

पण मुलगी आली की हसू देऊ नका. कुणी हसलं तर तिथंच थांबा. ओरडू नका, त्याला बाहेर काढू नका. त्याचं हसून होऊ द्या, आणि मग तिनं काय विचारलं होतं तिथपासून परत सांगा.

ऋतुजा